रस्ता बांधावर का थांबतो? आपल्या भागातल्या रस्त्यांची जोडणी मोजायची पद्धत

सोसायटीच्या मागच्या भिंतीपलीकडे शाळा असते, घंटासुद्धा ऐकू येते, आणि मुलाला शाळेत सोडायला सव्वा किलोमीटर गाडी काढावी लागते. पुण्याच्या वाकड, बाणेर, खराडी, वाघोली, कुठल्याही नव्या भागात हे दिसेल. जुन्या नारायण पेठेत असं सहसा होत नाही. तिथल्या गल्ल्या अरुंद आहेत, वाकड्या आहेत, पण एक बंद असली तर दुसरी निघते. रस्त्याची रुंदी आणि रस्त्यांची जोडणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रुंदीवर सगळे बोलतात, जोडणी कोणी मोजत नाही. ती मोजायला एक दुपार, एक नकाशा आणि तीन रंगांची पेनं पुरतात.

इथली उदाहरणं पुण्याची आहेत, कारण या एका शहरात पेठांपासून टाउनशिपपर्यंत सगळे नमुने दहा-बारा किलोमीटरमध्ये सापडतात. पद्धत नाशिकला, कोल्हापूरला, पणजीलाही तीच.

चौकट आणि नकाशा

१ किलोमीटर × १ किलोमीटरची चौकट घ्या. त्याहून लहान घेतली तर एखादी मोठी सोसायटीच सगळा आकडा ठरवते. फार मोठी घेतली तर जुना गावठाण आणि नवा भाग एकत्र कालवले जातात. शक्यतो दोन चौकटी करा, एक तुमच्या भागाची आणि एक जुन्या वस्तीची. एकट्या आकड्यावरून काही कळत नाही, तुलनेत कळतं.

१:५००० प्रमाणावर ही चौकट २० सेंटिमीटरची होते. ए-४ कागदावर ती जेमतेम बसते आणि प्रिंटर कडा खातो, म्हणून ए-३ वर छापा. नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा घ्या. तो छापायला मोकळा आहे आणि चुकला तर स्वतः दुरुस्त करता येतो.

मग नकाशा हातात घेऊन भाग पायी फिरा. ही पायरी गाळली तर पुढचं सगळं वाया. दोन चुका हमखास निघतात. एक, नकाशावर रस्ता सलग दिसतो, प्रत्यक्षात मध्ये गेट आहे आणि सुरक्षारक्षक वही पुढे करतो. दोन, उलटं: नकाशावर काही नाही, पण दोन इमारतींमधून बोळ आहे आणि सगळी वस्ती तिथूनच ये-जा करते. तुळशीबागेतून मंडईकडे निघता येतं हे पुणेकराला माहीत असतं, गाडीच्या नकाशाला नसतं. गेट दिसलं की त्याची वेळ लिहून घ्या. सकाळी सहा ते रात्री दहा उघडं असणारं गेट आणि कायम कुलूप असलेलं गेट सारखं धरायचं नाही.

मोजणी

लाल पेनानं बंद टोकं, निळ्यानं तिठे, हिरव्यानं चौक. तीन रस्ते मिळतात तो तिठा. कोल्हापुरात त्यालाच तिकटी म्हणतात, पापाची तिकटी आठवा. चार मिळतात तो चौक. रस्ता नुसता वळला तर तिथे खूण नाही, वळण म्हणजे जोड नव्हे.

आता रस्त्यांचे तुकडे, म्हणजे दोन खुणांमधले भाग, मोजत बसायची गरज नाही. बंद टोकाला १, तिठ्याला ३, चौकाला ४ असे गुण द्या, बेरीज करा, दोनानं भागा. प्रत्येक तुकड्याला दोन टोकं असतात, म्हणून भागाकार तुकड्यांची संख्या देतो. त्या संख्येला एकूण खुणांनी भागलं की जोडणीचं गुणोत्तर मिळतं.

समजा चौकटीत ३८ बंद टोकं, ४६ तिठे आणि १० चौक निघाले. ३८ + १३८ + ४० = २१६. निम्मे १०८ तुकडे. खुणा ९४. गुणोत्तर १.१५. दुसऱ्या चौकटीत १० बंद टोकं, ८० तिठे, ३० चौक असतील तर ३७० चे निम्मे १८५, खुणा १२०, गुणोत्तर १.५४.

सगळे चौकच असलेल्या जाळीचं गुणोत्तर २ येतं, नुसत्या तिठ्यांचं १.५. अमेरिकेतल्या अनेक नगरपालिकांनी नव्या वसाहतींसाठी १.४ च्या आसपासचा किमान आकडा नियमात घातला आहे. तो आपल्याकडे जसाच्या तसा लावू नका, पण १.२ च्या खाली आलात तर तुमचा भाग झाडाच्या फांद्यांसारखा वाढला आहे हे नक्की. एक फांदी, तिला डहाळ्या, डहाळीला पान, आणि पानावरून शेजारच्या पानावर जायचं तर खोडापर्यंत खाली यायचं.

चौकटीच्या कडेवर तुटलेला रस्ता बंद टोक म्हणून मोजणं ही सगळ्यात सर्रास होणारी चूक. तो पुढे चालू आहे, तिथे खूण करायची नाही. गुणांच्या पद्धतीत असा रस्ता आपोआप अर्धा धरला जातो आणि तेच बरोबर आहे, उरलेला अर्धा शेजारच्या चौकटीचा. उड्डाणपूल आणि भुयारी मार्गांचंही बघा. कागदावर रेघा एकमेकींना छेदतात, प्रत्यक्षात वरून खाली उतरता येत नाही. कात्रज–देहूरोड बाह्यवळणावर असा छेद म्हणजे जोड नव्हे. खालून जाणारा रस्ता सलग तुकडा धरायचा. मधे दुभाजक असलेला रस्ता नकाशावर दोन रेघांनी काढलेला असतो, त्यामुळे एका चौकाचे दोन, आणि दोन्ही रस्त्यांना दुभाजक असेल तर चार होतात. त्यांना पेनानं एकच गोल करा.

गुणोत्तराला एक मोठी खोट आहे. ५०० मीटरवर एक चौक असलेल्या जाळीलाही २ मिळतात आणि १०० मीटरच्या जाळीलाही २ च. पहिलीत एका चौरस किलोमीटरला ४ चौक पडतात, दुसरीत १००. चालणाऱ्याला हा फरक पायांत कळतो. म्हणून तिठे आणि चौक मिळून दर चौरस किलोमीटरला किती, हा दुसरा आकडा नेहमी सोबत लिहा. पिंपरी-चिंचवडच्या प्राधिकरण या आखीव भागातल्या सेक्टरांत किंवा नवी मुंबईच्या नोडमध्ये, म्हणजे आखीव उपनगरांत, मोठे रस्ते सुरेख जुळलेले असतात आणि सेक्टरच्या पोटात मात्र वेगळंच चित्र असतं. तिथे दोन्ही आकडे नसतील तर निष्कर्ष फसतो.

वळसा

लोकांना पटतो तो हा तिसरा आकडा. घराच्या गेटपासून बसथांबा, शाळा, दूध डेअरी, रिक्षा स्टँड, दवाखाना अशा २० जोड्या घ्या. सरळ रेषेतलं अंतर २०० ते ८०० मीटर असावं. चालायचं अंतर भागिले सरळ अंतर, म्हणजे वळसा. चौकोनी जाळीत कोणत्याही दिशेला गेलात तरी सरासरी १.२७ पडते आणि जास्तीत जास्त १.४१. तुमच्या वीस जोड्यांची सरासरी १.७ च्या पुढे गेली तर रस्त्यांनी तुमच्याकडून चालणं काढून घेतलं आहे असं खुशाल समजा.

अंतर फोनवरच्या नकाशात मोजता येतं, पण चालण्याचा पर्याय निवडा. गाडीचा पर्याय एकेरी मार्ग पाळतो आणि लक्ष्मी रस्त्यासारख्या ठिकाणी वळसा फुगवून दाखवतो. सरासरीपेक्षा मधला आकडा लिहिणं बरं, म्हणजे वीस आकडे चढत्या क्रमानं लावून दहाव्या-अकराव्याच्या मधला. पाठीला पाठ लावलेल्या दोन सोसायट्यांची जोडी यात घालू नका. ४० मीटर सरळ आणि १३०० मीटर रस्त्यानं म्हणजे वळसा ३२.५. हा एकटा आकडा बाकीचे एकोणीस गिळून टाकतो. पण तो फेकूनही देऊ नका, वेगळ्या कागदावर ठेवा. अर्ज लिहिताना तोच कामाला येतो.

कॉम्प्युटरवर करायचं असेल तर

पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा येत असेल तर ओएसएमएनएक्स ही मोफत लायब्ररी हे सगळं काही मिनिटांत करते, आणि चौकटीच्या कडेचा घोळही स्वतः निस्तरते. तीन खड्डे लक्षात ठेवा.

जाळ्याचा प्रकार ‘ड्राइव्ह’ ठेवला तर बोळ, पायवाटा आणि सोसायटीतले सर्व्हिस रस्ते गळतात. पेठेचा आकडा त्यानं विनाकारण खराब येतो. ‘वॉक’ घ्या.

दुभाजकाचे चौक एकत्र करण्यापूर्वी नकाशा मीटरमध्ये आणावा लागतो. पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर, गोवा हे यूटीएम या मीटरमधल्या नकाशा-पद्धतीच्या ४३ व्या पट्ट्यात आहेत. नागपूर, वर्धा, चंद्रपूर ४४ व्या. पट्ट्याचा क्रमांक हातानं लिहिणारे विदर्भात इथेच घसरतात. एकत्र करायची मर्यादा १० ते १५ मीटर ठेवा. पेठेत २५ ठेवली तर शेजारशेजारचे खरे तिठेही एकमेकांत विरघळतात.

तिसरा खड्डा फसवा आहे. ही लायब्ररी ‘सर्क्युइटी’ नावाचा आकडा देते आणि तो १.०५ वगैरे इतका छान येतो की सगळं आलबेल वाटतं. तो वरचा वळसा नव्हे. एका जोडापासून पुढच्या जोडापर्यंतचा तुकडा किती वाकडा आहे, एवढंच तो सांगतो. बाणासारखे सरळ आणि पुढे बंद असे पन्नास रस्ते असले तरी तो उत्तमच येणार. प्रवासाचा वळसा हवा असेल तर जोड्या घेऊन कमीत कमी अंतराचा मार्ग वेगळा काढावा लागतो.

वयाप्रमाणे थर लावा

शहराची एकूण सरासरी हळू बिघडते, कारण जुने रस्ते तिला सावरून धरतात. बिघाड बघायचा तर नव्यानं पडलेले रस्ते वेगळे मोजायला हवेत. गूगल अर्थ प्रोमध्ये जुन्या उपग्रहचित्रांची पट्टी असते. साधारण २००० नंतरची पुण्याची चित्रं मिळतात. पाच-पाच वर्षांनी मागे जा आणि प्रत्येक रस्ता कधी उगवला ते रंगानं भरा. मग प्रत्येक रंगाच्या खुणांचं गुणोत्तर वेगळं काढा. खूण सर्वात नव्या रस्त्याच्या खात्यात टाकायची, म्हणजे जुन्या रस्त्याला नवा येऊन मिळाला तर तो तिठा नव्याचा. अमेरिकेतल्या रस्त्यांवर असंच काम झालं तेव्हा दिसलं की तिथे नव्या रस्त्यांची सर्वात वाईट वर्षं १९९० च्या दशकाच्या मध्याला होती आणि नंतर जोडणी सुधारत गेली. जगभरच्या जाळ्याचा कल मात्र १९७५ पासून तुटकपणाकडेच आहे.

पुण्यातले थर ओळखायला सोपे आहेत. पेठांत बारीक विणीचे रस्ते, तिठे भरपूर. मग नगररचना योजनेचा भाग. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यानं ही पद्धत आणली: सगळ्या मालकांच्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, आधी रस्ते काढायचे, मग प्रत्येकाला नव्या आकाराचा अंतिम भूखंड परत द्यायचा. शिवाजीनगर भागातल्या जागांच्या कागदांवर अजून ‘भांबुर्डा’ (शिवाजीनगरचं जुनं नाव) आणि ‘फायनल प्लॉट’ लिहिलेलं असतं ते त्यामुळे. पानशेतच्या १९६१ च्या पुरानंतर सहकारनगर, गोखलेनगर अशा वसाहती आल्या, त्याही आधी आखून मग बांधलेल्या. त्यापुढच्या बऱ्याच वाढीत आखणी मागे पडली आणि एकेका सर्व्हे नंबरचं बांधकाम पुढे गेलं. २०१७ ला ११ आणि २०२१ ला २३ गावं महापालिकेत आली तोवर तिथली बरीच जमीन अशी तुकड्या-तुकड्यानं भरली होती.

टोक बंद का झालं

लाल खुणांपाशी परत जा. महाभूनकाशाच्या संकेतस्थळावरून गावाचा नकाशा काढा आणि आपल्या नकाशावर ठेवून बघा. बहुतेक लाल खुणा सर्व्हे किंवा गट नंबरच्या हद्दीवर बसतात. म्हणजे रस्ता बांधावर थांबलेला असतो.

असं का होतं ते आकड्यांत बघू. वाटणीत शेताच्या लांबट पट्ट्या पडतात, कारण प्रत्येक भावाला रस्त्याला तोंड हवं असतं. समजा चार पट्ट्या, प्रत्येकी ४० मीटर रुंद आणि २७० मीटर खोल, म्हणजे सुमारे १०७ गुंठे. चौघांनी वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या बिल्डरला दिल्या. प्रत्येकानं आपल्या पट्टीत मधोमध रस्ता काढला आणि बांधावर सोडला. शेजारशेजारच्या पट्ट्यांतल्या शेवटच्या दोन घरांत ४० मीटर अंतर, रस्त्यानं २७० + ४० + २७० = ५८० मीटर. वळसा १४.५. मुख्य रस्त्यावर चार तिठे, मागे चार बंद टोकं: १२ + ४ = १६, तुकडे ८, खुणा ८, गुणोत्तर बरोबर १.

आता मागच्या बाजूनं चारही टोकं जोडणारा १२० मीटरचा आडवा रस्ता टाका. कडेची दोन टोकं नुसती वळणं होतात, मधली दोन तिठे. सहा तिठे, १८ गुण, ९ तुकडे, गुणोत्तर १.५. हजार मीटरहून जास्त लांबीचे रस्ते आधीच बांधून झालेले होते, त्यांना उपयोगी करायला १२० मीटर कमी पडत होते. कोणा एका बिल्डरचा यात दोष काढता येत नाही. प्रत्येकाचं रेखांकन आपापल्या हद्दीत नियमाला धरूनच होतं. शेजारच्या जमिनीतल्या रस्त्यांशी मेळ घालून रेखांकन करावं असं विकास नियंत्रण नियमावली सांगते, पण शेजारी अजून शेतच असेल तर मेळ कशाशी घालणार?

प्रत्येक लाल खुणेशेजारी कारण लिहा. बांध, गेट किंवा भिंत, विकास आराखड्यातला पण ताब्यात न आलेला रस्ता, किंवा नदी-नाला-रेल्वे-लष्कराची हद्द. शेवटच्या गटाच्या मागे शक्ती घालवू नका. मुळा-मुठेवर पूल किंवा लष्कराच्या जमिनीतून वाट हा नागरिकांच्या एका अर्जाचा विषय नाही. ताब्यात न आलेला रस्ता ओळखायला जागेवर उभं राहा. डांबर एका रेषेत कापल्यासारखं संपतं, पुढे राडारोड्याचा ढीग, दोन-चार सिमेंटचे पाइप, पलीकडे गवत, आणि ढिगावरून माणसांच्या पायांनी घासून गुळगुळीत झालेली वाट. कंपाउंडच्या भिंतीत वरचे दोन थर पडलेले असतात आणि खाली पायरीसारखा दगड कोणीतरी आणून ठेवलेला असतो. ती वाट हाच तुमचा पुरावा. सकाळी ८ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ७ तिथून किती माणसं जातात ते तीन दिवस मोजा, त्यातला एक रविवार असू द्या.

टाउनशिपचं गणित वेगळं. राज्याच्या एकात्मिक नगर वसाहत धोरणात किमान क्षेत्र ४० हेक्टर. चौकोनी धरलं तर बाजू सुमारे ६३० मीटर, घेर अडीच किलोमीटर. आत रस्ते कितीही सुंदर जुळलेले असोत, बाहेरच्याला तो एकच भलामोठा ठोकळा. अशी वसाहत चौकटीत असेल तर दोनदा मोजा, आतल्यांच्या नजरेनं एकदा आणि बाहेरच्यांच्या नजरेनं एकदा.

कुठली जोडणी आधी, आणि मागायची कुणाकडे

सगळी टोकं उघडायला निघालात तर एकही उघडत नाही. प्रत्येक संभाव्य जोडणीसाठी वाचणारं अंतर गुणिले त्याचा उपयोग होणारी घरं असा हिशोब करा. ३०० घरं, रोज एक जाणं-येणं, दर फेरीला ९०० मीटर वाचतात: ३०० × २ × ०.९ = दिवसाला ५४० किलोमीटर. अशा यादीत वरच्या तीन जोडण्या निवडा आणि त्यातही सार्वजनिक जमिनीवरची पहिली.

प्रारूप विकास योजना प्रसिद्ध होते तेव्हा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम २६ खाली हरकती-सूचना मागवतात. अधिसूचनेतली मुदत पाळा. ‘आमच्या भागात रस्ते कमी आहेत’ असं लिहिलेली सूचना कुणी वाचत नाही. सर्व्हे नंबर, हिस्सा, कुठल्या रस्त्यापासून कुठल्या रस्त्यापर्यंत, लांबी, मागितलेली रुंदी, सोबत रंगवलेला नकाशा आणि वळशाचा आकडा, एवढं एका पानात बसवा. मंजूर आराखड्यात बदल हवा असेल तर मार्ग कलम ३७ चा, आणि तो लांबचा. महापालिका हद्दीत आराखड्यात नसलेला छोटा रस्ता महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २०५ खाली आखता येतो. रस्त्याची नियमित रेषा ठरवून रुंदी मिळवायची असेल तर कलम २१०. अर्जात नेमकं कलम असेल तर फाइल योग्य टेबलावर जाते. त्याआधी माहिती अधिकारात मंजूर रेखांकनाची प्रत मागवा. अंतर्गत रस्ता महापालिकेकडे हस्तांतरित झाला आहे की सोसायटीच्याच मालकीचा, हे ठरल्याशिवाय वाद घालण्यात अर्थ नाही.

गावनकाशावर दुहेरी तुटक रेघ दिसली तर तो जुना गाडीमार्ग, एकेरी तुटक रेघ म्हणजे पायमार्ग. असा शिवरस्ता किंवा पाणंद बुजलेली असेल तर ती खुली करून मागणं नवा रस्ता मागण्यापेक्षा कितीतरी सोपं. मात्र जमीन महसूल संहितेचं कलम १४३ शेतकऱ्याला शेतात जायला वाट मिळावी यासाठी आहे. फ्लॅटधारकांनी त्याचा आधार घेतला तर अर्ज तिथेच परत येतो.

सोसायटीच्या भिंतीतून फक्त माणसांपुरतं फाटक मागत असाल तर सभेत पहिला प्रश्न येणार, ‘बाइकवाले घुसतील त्याचं काय?’ बोलार्ड, म्हणजे वाट अडवणारे बुटके खांब, लावतो असं घाईनं कबूल करू नका. व्हीलचेअर जाईल एवढी फट ठेवली की तिथून दुचाकीही जाते, कारण बाइकचं हँडल ७०-८० सेंटिमीटरचंच असतं. अडवायचीच म्हणून फट बारीक केली तर आजोबांची व्हीलचेअर आणि बाळाची गाडी आधी अडते. बोलार्ड मोटार थांबवतात, दुचाकी नाही. दुचाकीचा मोह वाट सरळ आणि लांब असली की होतो, म्हणून वाटेला एक काटकोनी वळण द्या, तिथे दिवा लावा आणि फाटकाची वेळ आधी शाळेपुरती, सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास ठेवून महिनाभर चालवून बघा.

फाटक उघडलं की त्याच दिवशी ओपनस्ट्रीटमॅपवर ते चढवा, वेळेसकट. नाहीतर पुढच्या वेळी मोजणाऱ्याच्या नकाशात तिथे भिंतच असेल.